आधी कोण बोललं

लोधिवलीत चांगोच्या घरी नवा पाहुणा आला की त्याला आधी ओटीवरचा कूड दाखवत. छप्पर एक, ओटी एक, पण मधोमध कारवीचा, शेणानं लिंपलेला कूड. अलीकडे चांगो आणि त्याची बायको गौराबाई. पलीकडे चांगोच्या थोरल्या भावाची, बुधाजीची विधवा सोनुबाई, एकटी. अलीकडे कुणी खोकलं तर पलीकडे कळायचं, पलीकडे फोडणी पडली तर अलीकडे शिंका यायच्या. तरीही चांगो आणि सोनुबाई आठ-नऊ वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

भांडण बांधाचं नव्हतं की भांड्यांचं नव्हतं. बुधाजीच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन तापलं, माणसं कंटाळली. चांगो नुकतंच भादरलेलं डोकं घेऊन पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, वयनीला मी अंतर देनार नाय. जा आता." कावळा फांदीवर बसून पंख कोरत राहिला. तेवढ्यात मागून सोनुबाई म्हणाली, "खोटं बोललं की कावळ्यालाबी कळतं."

दहाव्याची माणसं हसली. सुतकातली माणसं हसतात तेव्हा फार मोठ्यानं हसतात. भटजीसुद्धा तोंड फिरवून हसले. चांगो त्या क्षणी गप्प झाला तो झालाच. आणि तो बोलत नाही म्हटल्यावर सोनुबाईनं तरी का बोलावं? गावात रीतच अशी होती की अबोला जो आधी मोडील त्यानं नाक घासलं असं धरायचं. पाणवठ्यावर, देवळात, चावडीवर लोक चांगोला मुद्दाम विचारत, "काय रं, बोललास का वयनीशी?" तो म्हणे, "ती बोलंल आदी. बघा तुमी." लोकांना काय, फुकटचा तमाशा होता. कुणीही दोघांना समोरासमोर बसवलं नाही.

पण अबोला धरला तरी एका छपराखाली संसार चालवायचा तर सांगावं-सवरावं लागतंच. त्याची सोय दोघांनी आपापल्या परीनं केली होती. चांगोला काही कळवायचं असलं की तो गोठ्याच्या दाराशी उभा राहून चंद्री म्हशीला मोठ्यानं सांगे, "चंद्रे, कुनाची कोंबडी आमच्या रोपात शिरली तर तंगडी मोडीन हां." पलीकडून सोनुबाई आपल्या कोंबडीला म्हणे, "भवाने, रोपाला कूड घालाया वेळ नाय, ओटीला बरा घातला." असं वर्षानुवर्षं चाललं. शेजारीपाजारी संध्याकाळी कामं आटोपून हे ऐकायला पडवीत येऊन बसत.

मग सोनुबाईचे पाय सुजायला लागले. चार पावलं टाकली की धाप, रात्री भिंतीला टेकून बसावं लागे. गौराबाई तिला यष्टीनं चौक गावच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. गौराबाईला बोलायची मुभा होती. दोघी जावांचं आपसात बरं होतं. डॉक्टरनं छाती तपासून हृदयाच्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी एक, जन्मभर. आता गोळ्या दर खेपेला आणायच्या कुणी? चांगो रोज सायकलला दुधाच्या किटल्या लावून चौकला जाई. गावातल्या सगळ्यांची औषधं तोच आणे. तेव्हा असं ठरलं, म्हणजे न बोलता ठरलं, की गोळ्या संपल्या की सोनुबाई हिंगाची रिकामी डबी कुडाला खांबापाशी हात जाईल एवढी फट होती तिच्यात ठेवी. चांगो डबी उचले, दवाखान्यात कंपाउंडर नागू मोठ्या डब्यातून गोळ्या मोजून तिच्यात घाली, आणि चांगो ती परत फटीत ठेवून देई.

यात माया होती असं कुणी समजू नये. भावजयीला औषधावाचून मारली असं लोकांनी म्हणू नये, एवढीच त्यामागची अक्कल. पण गोळ्यांना कुणाच्या मनाशी काय करायचं? सोनुबाईचे पाय उतरले. ती पुन्हा रानातून मोळी आणायला लागली. अंगात जोर आला तसा जिभेलाही आला.

त्या वर्षी लग्नसराईत एका सकाळी डॉक्टरनं चांगोला आत बोलावलं. नेहमी हसून बोलणारा डॉक्टर, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला होता. गोळ्या करणाऱ्या कंपनीचा माणूस आदल्या दिवशी येऊन हृदयाच्या गोळ्यांचा मोठा डबा उचलून घेऊन गेला होता. त्या डब्यातल्या काही गोळ्यांत औषध दुपटी-तिपटीनं पडलं होतं. हे औषध असं की थोडं जास्त झालं तरी जीव घेईल.

"वाईट गोळी कोणती ते बघून कळत नाही," डॉक्टर म्हणाला. "दिसायला सगळ्या सारख्या. म्हणून लोधिवलीत ज्यांना ज्यांना तू नेऊन दिल्यास त्यांच्याकडून सगळ्या परत आण. एकही घरात राहता कामा नये. फेकायच्या नाहीत, दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, इथं आणायच्या. पण औषध बंदही करायचं नाही. ही नवी पुडी, दुसऱ्या डब्यातली, त्याच दिवशी चालू करायची; आणखी लागली तर नागूकडून ने. आणि नीट ऐक, कुणाला मळमळत असेल, जेवण जात नसेल, डोळ्यांपुढं पिवळं दिसत असेल, तर नवीसुद्धा देऊ नकोस. उचलून सरळ इथं घेऊन ये. कळलं?"

चांगोला सगळं कळलं. तो काही खुळा नव्हता. गावातली औषधं त्याच्या डोक्यात पक्की असत, कुणाची लाल, कुणाची कडू, त्यानं कधी घोटाळा केला नव्हता.

लोधिवलीत त्या गोळ्या दोघींनाच होत्या. मोतीबाईकडे तो आधी गेला. तिनं निम्मं ऐकताच डबी काढून त्याच्या हातात दिली आणि नवी पुडी देव्हाऱ्यात ठेवली. विषय संपला. राहिली सोनुबाई. चांगो संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी उभा राहिला आणि नेहमीपेक्षा जरा जोरात म्हणाला, "चंद्रे, ऐक गं. चौकच्या पांढऱ्या गोळ्या बिघडल्यात. खाईल तो मरंल. ज्याच्या घरात असतील त्यानं डबी खांबापाशी ठेवावी."

 पलीकडून सोनुबाईचा आवाज आला, "ऐकलंस का गं भवाने? इतकी वर्सं वाट बघून दमला. आता म्हशीच्या कानात माजं मरान मागतोय." आणि हिंगाच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सकाळची गोळी तिनं घेतलेली होती. तरी तिनं आणखी एक तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायली, त्याला ऐकू जावं म्हणून.

 गौराबाई पिठाचे हात न धुताच पलीकडे गेली. "अवो वयनी, ह्यांचं खरं हाय. डाक्तरनं सांगितलंय. आना ती डबी."

सोनुबाईनं डबी कमरेला खोचली. "गौरे, तू भोळी हायेस. ह्या गोळ्यांनी माजे पाय उतरले. मी चालाया लागले तसं त्याच्या पोटात दुखाया लागलं. ओटीचा हा तुकडा कुनाला पायजे? मला पोर ना बाळ, माज्या माघारी कुनाला जानार?"

"आन घेते वयनी, तसं नाय."

"मंग त्याला सांग, माज्या म्होरं ये. तोंडाकडं बघून बोल, वयनी डबी द्या. एवढंच. खरं असंल तर डोळ्यांत दिसंल मला. देते लगेच."

मागणं काही वावगं नव्हतं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचा चेहरा बघायला मागत होती बाई. गौराबाई परत आली, तिनं शब्दन् शब्द नवऱ्याला सांगितला. चांगो विडी पेटवत होता. त्याची काडी तशीच जळत बोटापर्यंत आली.

"म्हंजे मीच आदी बोलायचं," तो म्हणाला.

"अवो, मानूस मरंल."

"मरत बिरत नाय. नाटकं. मला बोलतं करायला गोळ्या गिळतीया. गाव हसंल उद्या."

"गाव हसलं तर हसू द्या!"

पण गावाचं हसू काय असतं ते चांगोनं एकदा नदीकाठी सोसलं होतं. ते त्याला पुन्हा नको होतं. जगात याहून वाईट काही असू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नागूनं मोतीबाईच्या गोळ्या मोजून घेतल्या आणि विचारलं, "आणि तुझ्या भावजयीच्या?" चांगोनं नव्या पुडीसाठी हात पुढं केला. नागूलाही त्यांचा अबोला ठाऊक होता; पंचक्रोशीला ठाऊक होता. तो म्हणाला, "तुला जमत नसेल तर दुपारी मी येतो सायकलवर. समजावून सांगतो बाईला." चांगोच्या कानशिलांत रक्त चढलं. परका माणूस येऊन आपल्या ओटीवर हे काम करणार, आणि सोनुबाई त्याला सगळी कथा सांगणार. तो चटकन म्हणाला, "नको. फेकून दिल्या तिनं. नवी पुडी द्या." नागू कुरकुरला, फेकायच्या नव्हत्या म्हणाला, पण त्यानं पुडी दिली. ती चांगोनं सदऱ्याच्या खिशात ठेवली. सोनुबाईला वाचवणारा एक माणूस सायकल काढून तयार होता आणि चांगोनं एका वाक्यात त्याला घरी बसवला.

पुढचे दिवस ओटी ऐकत राहिली. सोनुबाई परसात ओकायची. जेवण जाईना, ताट कोंबड्यांपुढं जायचं. तरी सकाळ झाली की डबीचं झाकण मुद्दाम आपटून उघडायची. एका सकाळी तिचा आवाज आला, नेहमीचा चढा नव्हे, नवल वाटल्यासारखा. "काय गं भवाने, आज भातात हळद कुनी कालवली? तूबी पिवळी, भिंतबी पिवळी." 

चांगो कुडाला पाठ लावून बसला होता. त्याला डॉक्टरचे शब्द आठवले, एकेक आठवला. मळमळ झाली, जेवण तुटलं, आता पिवळं. पुढं काय येणार ते त्याला माहीत होतं. त्यानं खिशावर हात ठेवून पुडी चाचपली. त्याला वाटलं, आता घाबरंल. आता बोलंल. तो वाट बघत होता ती तिच्या मरणाची नाही, तिच्या बोलण्याची. आपण तिच्या वाईटावर नाही, अशी त्याची स्वतःची खात्री होती. असल्या माणसांची ती नेहमीच असते.

गौराबाईनंही ते पिवळं ऐकलं. ती तडक पलीकडे गेली, पण सोनुबाई तिच्याशीही धड बोलेना. "तो आला तर देईन," एवढंच. डबी कमरेलाच. गौराबाईनं रात्री ती झोपेत काढून घ्यायचा प्रयत्न केला, तर सोनुबाईनं मनगट पकडलं. शेवटी गौराबाईनं ठरवलं की उद्या दुपारच्या यष्टीनं हिला उचलून चौकला न्यायची, मग ती ओरडो की बोचकारो. सकाळी मात्र गावात भागीच्या पोरीचं लग्न होतं आणि गौराबाईचा हात चुलाणावर लागणारच होता. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "दुपारपत्तुर तिच्याकडं ध्यान ठेवा. भात उतरला की मी आलेच."

चांगो ध्यान ठेवून बसला. आळी ओस पडली होती. मांडवातला भोंगा सनई वाजवत होता. ऊन ओटीच्या पायरीवर आलं आणि पलीकडे काहीतरी भांडं गडगडलं. मग शब्द आला.

"भावजी."

चांगो ताठ झाला.

"भावजी... पानी द्या वो."

आवाज खोल गेलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. आणि काय सांगावं, त्या माणसाच्या मनात उकळ्या फुटल्या. बोलली! आधी बोलली! त्यानं झटकन उठून तांब्या उचलला, माठातून भरलाही. पावलं कुडाच्या टोकापर्यंत गेली. तिथं त्याच्या मनात आलं, ऐकलं कुणी? उद्या बरी झाली की हीच सांगत सुटंल, मी कुठं बोलले, ह्योच आला पानी घिऊन. आणि तिच्या जिभेपुढं आपलं कोण ऐकणार? पुन्हा सगळं गाव हसंल.

त्यानं तांब्या खाली ठेवला. आलो म्हणून हाकही दिली नाही, कारण हाक दिली तर ते बोलणं झालं असतं. तो पायरी उतरला आणि मांडवाकडे धावत सुटला.

त्याला गोदूबाई हवी होती. गोदूबाईच्या कानावर पडलं की ते गावाच्या कानावर पडलं असं धरायचं. ती पहिल्या पंगतीत बुंदीवर आडवा हात मारत बसली होती. चांगो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "चल, चल लवकर. ती बोलली. तुज्या कानानं ऐक." गोदूबाईचे डोळे चमकले, पण बुंदी टाकून उठणारी बाई ती नव्हे. तिनं घास संपवला, पान पुसलं, हात धुतला, पदराला पुसला. चांगो उभा राहिला. बाईचा आवाज खोल गेलाय, पाणी मागतेय, यातलं तो काही बोलला नाही. त्याच्या डोक्यात ते नव्हतंच. पलीकडच्या चुलाणावर गौराबाई भाताचं तपेलं हलवत होती, तिलाही त्यानं हाक मारली नाही.

दोघं ओटीवर आली. चांगोनं ओठांवर बोट ठेवून गोदूबाईला कुडापाशी उभी केली. "ऐक आता," तो कुजबुजला.

पलीकडे काही नाही. भोंगा तेवढा वाजत होता.

"बोलंल. आत्ता बोलली व्हती. पानी मागितलं."

गोदूबाईनं मान वाकडी करून ऐकलं. बराच वेळ गेला. चांगोला घाम फुटला. साक्षीदार आणला आणि हिनं ऐन वेळी दगा दिला, मुद्दाम, हसं करायला! रागानं त्याचा तोल गेला. त्यानं कुडावर मूठ आपटली आणि ओरडला, "बोला की वयनी! मघाशी बोललात, आता का गप? बोला!"

कूड हादरला, शेणाचे पोपडे पडले. उत्तर आलं नाही. गोदूबाईनं पुढं होऊन टोकावरून डोकावलं आणि किंचाळली. सोनुबाई खांबापाशी आडवी पडली होती. हात फटीतून अलीकडे आला होता, मनगटापर्यंत. चांगो इतका वेळ त्या हातापासून दोन वितींवर उभा होता.

गावात जे पसरलं ते गोदूबाईच्या तोंडून पसरलं, आणि गोदूबाई खोटं बोलत नव्हती. "चांगोच आदी बोलला. माज्या कानानं ऐकलं. ती बिचारी मरून पडलेली आनि ह्यो मड्याला म्हनतोय, बोला की वयनी." लोक हळहळले, आणि हळहळता हळहळता एकमेकांकडे बघू लागले. चांगो ज्याला त्याला अडवून सांगे, "ती आदी बोलली रं. पानी मागितलं. देवाशपत." लोक मान डोलवत, "बरं बरं" म्हणत, आणि चार पावलं पुढं गेल्यावर तोंडावर उपरणं धरत.

तिसऱ्या दिवशी नागू आला. गोदूबाईनं सोनुबाईच्या कमरेला मिळालेली हिंगाची डबी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उघडून आत पाहिलं आणि चांगोला म्हणाला, "फेकून दिल्या म्हणाला होतास ना?"

"तिनं तसं सांगितलं व्हतं."

"सांगितलं? तुम्ही तर बोलत नव्हता." नागूनं डबी पिशवीत टाकली आणि सायकलवर टांग मारली. ओटीवरच्या माणसांनी ते ऐकलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर चांगो बायकोजवळ बसला. गौराबाई तीन दिवस धड जेवली नव्हती. तो म्हणाला, "तू तरी इस्वास ठेव. ती आदी बोलली. तुज्या गळ्याची आन."

गौराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलतो तेव्हा त्याची नजर कुठं जाते हे तिला ठाऊक होतं. आता ती नजर तिथं गेली नव्हती.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली.

चांगोच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या गावात एकीनं तरी मानलं. "खरंच ना? अगं, भावजी म्हनाली. पानी द्या वो म्हनाली. सपष्ट."

"म्हंजे तवा जित्ती व्हती."

"व्हती की! म्हनून तर—"

"तांब्या भरल्याला व्हता हितं. मी आले तवा बघितला. तुमी भरलात?"

"मीच भरला."

"मंग दिला का नाय?"

चांगोनं तोंड उघडलं. गोदूबाईला आणायला गेलो, हे वाक्य त्यानं तीन दिवस सगळ्या गावाला सांगितलं होतं. बायकोसमोर ते बाहेर येईना.

गौराबाई वाट बघत बसली. मग उठली. तिनं माठातून तांब्या भरला, खुंटीवरची आपली दोन लुगडी काढली, वळकटी काखेत मारली आणि ओटी उतरून कुडाच्या पलीकडे गेली. सोनुबाई गेली त्या जागी दिवा जळत होता. त्याच्याशेजारी तिनं तांब्या ठेवला, वातीला तेल घातलं आणि वळकटी पसरली.

चांगोला वाटलं, दिवा बघून येईल. बाहेर अंधार पडला, चूल थंडच होती. "गौरे," त्यानं हाक मारली. मग जरा मोठ्यानं, "गौरे, अगं ये की." पलीकडे बांगड्या वाजल्या, तेवढ्यानं ती जागी आहे हे त्याला कळलं.